सात गोठणींचा डोंगर

करंजपाड्याच्या विहिरीचे पाणी दिसायला स्वच्छ आहे. तळाचा खडक दिसतो, पाण्याला वास नाही, चव किंचित गोडसर. दोन वर्षांपासून कठड्यावर लाल अक्षरांची पाटी आहे: 'पाणी पिण्यास अयोग्य'. पाड्यातल्या बायका पाटीला वळसा घालून खाली नदीवर जातात. उतरायला पंधरा मिनिटे लागतात, हंडा घेऊन चढायला पाऊण तास.

ही बातमी आली तेव्हा मी नाशिकला वृत्तपत्राच्या डेस्कवर होते. मजकूर चार ओळींचा होता आणि त्यात माझ्या वाट्याला एक स्वल्पविराम आला. गावाचे नाव मात्र ओळखीचे होते. वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत मी त्या पाड्याशेजारच्या गावात राहिले आहे. वडील तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. मी डेस्कवरून निवृत्त झाल्यावर पहिल्या ऑक्टोबरात, परतीचा पाऊस सुरू असताना, चार दिवस तिथे जाऊन आले.

घोटी

घोटीत उतरले की पहिल्यांदा वास येतो तो चुरमुऱ्यांचा. गरम वाळूत तांदूळ फुलतो तेव्हाचा, जरासा करपट. भाताच्या गिरण्यांसमोर ट्रक उभे होते. लहानपणी वडिलांबरोबर बाजाराला आले की कागदाच्या पुडीत हे चुरमुरे मिळत, आणि पुडी संपेपर्यंत बोलायचे नाही अशी अट असे. आता पुडी प्लॅस्टिकची झाली आहे. अट घालणारे कोणी नाही, तरी मी ती न बोलता संपवली.

पाड्यावर जाणारी जीप भरेपर्यंत निघत नाही. शेजारच्या सीटवर तिशीची एक मुलगी मांडीवर निळा डबा घेऊन बसली होती. डब्यात काचेच्या बाटल्या आहेत, असे तिने ड्रायव्हरला तीनदा बजावले.

"मॅडम, अंडी असती तरी एवढं सांगितलं नसतं," ड्रायव्हर म्हणाला.

"अंडी फुटली तर घोटीत दुसरी मिळतात," ती म्हणाली.

तिचे नाव वैशाली. माहेर सायखेड्याचे, काम कृषी महाविद्यालयात, मातीतून पाणी पाझरताना बरोबर काय वाहून नेते ते तपासण्याचे. करंजपाड्याच्या विहिरीत नत्र उतरले आहे आणि ते कुठून आले हे तीच शोधत होती, म्हणून माझा पुढचा प्रवास तिच्याबरोबर झाला.

"सायखेड्याला कोडं नसतं," ती म्हणाली. "द्राक्षाला, कांद्याला माणसंच पोत्यांनी युरिया टाकतात, विहिरीत उतरणारच. इथे तर डोंगरावर कुणी चिमूटभर टाकत नाही. इथे टाकतात त्या गाई."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात निसवून लोंब्या बाहेर आल्या होत्या. वरच्या उतारांवर कमरेएवढे गवत, त्याच्या शेंड्यांना तांबूस झाक आलेली. वैशालीने गवताकडे बोट दाखवून सांगितले ते असे: गाय गवतातले नत्र स्वतःकडे थोडेच ठेवते. बाकीचे शेणातून आणि मुतातून जमिनीला परत जाते. मूत पडते ते परातीएवढ्या जागेवर, एकदम. तेवढे तिथल्या गवताला पिता येत नाही. उरलेले पावसाबरोबर मुळांच्या खाली जाते, मुरमातून झिरपते, आणि खाली विहीर असेल तर विहिरीत येते.

"आणि सगळी गुरं रोज एकाच झाडाखाली उभी राहिली तर?" मी विचारले.

"उद्या बघालच," ती म्हणाली.

मंदाताईंची पडवी

मुक्काम मंदाताईंकडे होता. त्या पाड्यावरच्या अंगणवाडीच्या सेविका आहेत, वय पन्नाशीचे. आमच्या शहरात पाहुण्याला आधी पाणी देतात. इथेही तेच आहे, पण मंदाताई तांब्या भरताना थबकल्या. घरात दोन हंडे होते. एकाच्या गळ्याला लाल दोरा होता.

"दोऱ्याचं नदीचं हाय, तेच देते," त्या म्हणाल्या. "दुसरं भांड्यांना. एवढी विहीर दारात, आन पाहुण्याला पाणी देताना लाज वाटती."

"उकळून नाही चालत का?" मी विचारले.

"उकळून जंतू मरतात. नत्र जात नाही, पाणी आटून उलट घट्ट होतं," वैशालीने सांगितले. लहान बाळांना ते सगळ्यात वाईट, असेही ती म्हणाली. मंदाताईंनी मान हलवली. त्यांना ते पाठ होते. अंगणवाडीतल्या बारा मुलांचे पिण्याचे पाणी त्याच नदीवरून आणतात.

जेवायला नागलीची म्हणजे नाचणीची भाकरी, उडदाची आमटी, खुरासणीची म्हणजे कारळ्याची चटणी. चटणीचा तो काळा, तेलकट कडवटपणा जवळपास पन्नास वर्षांनी जिभेवर आला. आमच्या घरी आई ही चटणी करायला शेजारणीकडून शिकली होती. नाशिकला आल्यावर तिने दोनदा केली आणि 'इथल्या खुरासणीला ती चव नाही' म्हणून सोडून दिली. दोष खुरासणीचा नसावा.

दुपारी वैशाली निळा डबा घेऊन एकटीच डोंगरावर जाऊन आली आणि पडवीत तो उघडला. पावसाळ्याच्या आधी तिने डोंगरावर तीन जागी पाईप पुरले होते. पाईपच्या तळाला भाजलेल्या मातीची सच्छिद्र वाटी असते. मुळांच्या खाली झिरपलेले पाणी तीत येते आणि वरून ओढून घेता येते. एक पाईप विहिरीच्या वरच्या हौदापाशी, जिथे गुरे वर्षानुवर्षे उभी राहतात. दुसरा मोकळ्या गवतात, जिथे गुरे चरतात पण थांबत नाहीत. तिसरा वाघदेवाच्या गोठणीवर.

गोठण म्हणजे गुरे दुपारी विसाव्याला थांबतात ती जागा. माझ्या लहानपणी ह्या डोंगरावर सात गोठणी होत्या आणि आठवड्याचे वार त्यांना वाटून दिलेले होते. सोमवारी उंबराची, मंगळवारी खडकाची, बुधवारी करवंदीची. वडिलांना लस टोचायला निघताना पत्ता विचारावा लागत नसे. वार माहीत असला की पुरे. एका जागी दोन-तीन वर्षे गुरे बसली की पुढच्या पावसाळ्यात तिथे नागली लावत आणि गोठण थोडी बाजूला सरकवत. ती नागली माणसाच्या छातीला लागे. ह्या सगळ्याला कोणी पद्धत म्हणत नसे. वार म्हणत.

आता तीन गोठणींभोवती तारेची कुंपणे आहेत, आत कुलूप लावलेले बंगले. मग विहिरीच्या वर, दोन आंब्यांखाली, गुरांसाठी सिमेंटचा हौद बांधला गेला. सावली आणि पाणी एका जागी मिळाल्यावर गुरे वर कशाला जातील? बारा-चौदा वर्षे ती तिथेच उभी राहिली.

वैशालीच्या सांगण्यावरून ह्या पावसाळ्यात दुपारचा विसावा पुन्हा उरलेल्या चार गोठणींवर वाटला होता. वाघदेवाच्या पाईपात नत्र कमी आले, तर फिरती गोठण पाण्याला अपाय करत नाही हे दिसणार होते. जास्त आले, तर सरपंचांचे म्हणणे खरे ठरणार होते: विहिरीवरचा सगळा उतार गुरांना कायमचा बंद करावा. त्यावर तिसऱ्या दिवशी ग्रामसभा बसायची होती.

तिन्ही पाईपांतले पाणी तिने तीन बाटल्यांत आणले होते; त्यांत तिने पूड टाकली. पाणी जितके गुलाबी, तितके नत्र जास्त. गवताची बाटली जेमतेम रंगली. हौदाची गडद झाली. वाघदेवाची त्याहून गडद झाली, जास्वंदीसारखी.

वैशालीने बाटली धुऊन पुन्हा तपासणी केली. रंग तोच आला. "मागच्या महिन्यातही असंच होतं," ती म्हणाली. "मला वाटलं माझी चूक."

मंदाताईंनी बाटलीकडे पाहिले आणि विचारले, "मग धावजीबाबाला काय सांगायचं?"

वाघदेवाची गोठण

धावजीबाबा पाड्याचे गुराखी. सत्तरी ओलांडलेली, अंगात जाड बंडी, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ. सगळ्या घरांची मिळून साठ-पासष्ट गुरे ते हाकतात. सकाळी हौदापाशी घराघरातून गुरे गोळा होईपर्यंत थांबायचे आणि मग वर निघायचे. दुसऱ्या सकाळी वैशाली खाली विहिरीपाशी थांबली आणि मी त्यांच्याबरोबर निघाले. मी नाव सांगितले तेव्हा त्यांनी डोळे बारीक करून पाहिले.

"डाक्टरची पोर का तू? तुझा बाप बैलाला सुई टोचायचा, तवा बैल गप राहायचा आन मीच डोळं मिटायचो."

"वडील सांगायचे, धावजी शेपूट धरतो आणि तोंड फिरवतो."

"ते तर खरंच हाय," ते म्हणाले. "सांगायचं काय त्यात."

वाट चिखलाची होती. माझी चप्पल दोनदा रुतली. तिसऱ्यांदा ती धावजीबाबांनी काठीने काढली आणि तशीच काठीवर घेऊन चालू लागले. पुढचा चढ मी अनवाणी चढले. ओल्या गवताचा तो तीक्ष्ण, हिरवा वास, गुरांच्या गळ्यातल्या लाकडी लोढण्यांचा खडखडाट आणि मध्येच एखादी पितळी घंटा. पूर्वी प्रत्येक घराच्या गाईची घंटा वेगळी वाजे आणि दवाखान्याच्या ओट्यावरून मला त्यांतल्या चार ओळखू येत. आता कळपात घंटा तीनच उरल्या आहेत.

हौदाबद्दल मी विचारले. धावजीबाबा म्हणाले, "शेण दिसतं, म्हणून लोकं उचलून शेतावर नेतात. मूत कोण उचलणार? ते आपलं आपण चालतं."

"मग तुम्ही तेव्हाच बोलला का नाहीत?"

"बोललो की. म्हणाले, बाबा, तुम्हाला चालायचा कंटाळा येत नाय का. आन खरं सांगू, मलाबी बरं वाटलं. गुडघं दुखायला लागली होती."

वाघदेवाची गोठण म्हणजे डोंगराच्या खांद्यावरची सपाट जागा. कडेला शेंदूर लावलेला दगड, त्यावर वाघ कोरलेला. दिवाळीआधी वाघबारशीला गुराखी इथे खीर शिजवतात. दगडापासून दोन हातांवर वैशालीचा पाईप जमिनीतून वर आला होता, टोकाला पांढरे झाकण.

पोचल्यावर धावजीबाबांनी कमरेची पितळी लोटी सोडली. देवाला हात जोडले. मग लोटीतले ओंजळभर ओतून पाईपाच्या बुडाशी, चारी बाजूंनी, सावकाश शिंपडले. वास मला लगेच आला. गोमूत्र होते.

"हे रोज करता?"

"रोज. पाईप ठोकला त्या दिवसापासून. गुरं इथं असू नाय तर दुसरीकडं, मी सकाळी आधी इथं येतो." मग त्यांनी समजावून सांगितले. "देवाच्या अंगणात भोक पाडलं पोरीनं. चांगल्या कामाला पाडलं, तरी पाडलंच ना. देव रागावला तर वाघ कळपात येतो. म्हणून जागा शुद्ध करतो. बाटलीतलं पाणी चांगलं निघावं, हेबी मागतो."

पाईपाभोवतीची माती भुसभुशीत होती. ओतलेले सगळे त्याच्या कडेने सरळ खाली गेले.

बातमीदारीत एक जुना नियम आहे: पाहावे, लिहावे, मध्ये पडू नये. त्या सकाळी मी तो मोडला. बाटलीचा रंग, रंग कशाने येतो आणि त्या रंगावर उद्या काय ठरणार आहे, ते सगळे मी त्यांना सांगितले. ते दगडाशेजारी बसले.

"म्हंजी मीच माझी गुरं बंद केली," ते म्हणाले.

"वैशालीला सांगू का मी?"

"नको. तू पेपरात लिहिणारी. तू सांगितलं तर कागद होतो. मी सांगीन."

ह्या दिवसाच्या माझ्या टिपणांपैकी दोन पाने एका तांबड्या कालवडीने मी पाणी पीत असताना खाल्ली. वरचे संवाद म्हणून आठवणीतून लिहिले आहेत. आशय नक्की आहे, शब्द एखादा इकडेतिकडे असेल.

ग्रामसभा

सभा अंगणवाडीच्या खोलीत झाली. भिंतीवर अक्षरमाला, खाली सतरंजी. सरपंच किरण बत्तीस वर्षांचा आहे, इगतपुरीकडच्या कारखान्यात पाळीवर जातो. त्याची बाजू ऐकून घेण्यासारखी होती. त्याची मुलगी त्याच अंगणवाडीत आहे, आणि बायको सात महिन्यांची गरोदर असताना नदीवरून हंडे आणते.

"मला बाबांशी वैर नाही," तो म्हणाला. "पण गुरं खाली बांधून गवत कापून घालता येतं. विहीर दुसरीकडे नेता येत नाही. मॅडमनी बाटली दाखवली. वाघदेवाची गोठण तर हौदापेक्षा वाईट निघाली. मग फिरवून काय उपयोग?"

मागून कोणीतरी म्हणाले, "गवत कापायला घरी हाय कोण? तू पाळीवर, मी पाळीवर. मग गुरं विकायची सरळ म्हण."

"विकावी लागली तर विकू," किरण म्हणाला.

धावजीबाबा दाराशी बसले होते. उठताना त्यांनी चौकटीला हात दिला. त्यांनी सगळे सांगितले: लोटी, रोजची ओंजळ, देवाचा राग. एकही गोष्ट लपवली नाही आणि एकदाही माफी मागितली नाही. मग हसू फुटले.

"बाबा, देवाला पाजलं का पाईपाला?" एकाने विचारले.

"देव पीत नाय, तू पितो," बाबा म्हणाले. हसू वाढले आणि थोडे त्यांच्या बाजूला सरकले.

वैशाली मात्र हसली नाही. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "जागा देवाची आहे हे मी विचारलं नाही. दगड दिसत होता. मी सपाट जागा बघितली आणि पाईप ठोकला." मग तिने वहीतली त्या पाईपाची ओळ सर्वांसमोर खोडली. "हा आकडा धरता येणार नाही. फिरती गोठण चांगली की वाईट, ते मला आज सांगता येत नाही."

"म्हणजे पुरावा नाही," किरण म्हणाला.

"नाही."

मंदाताई तोवर भिंतीला टेकून ऐकत होत्या. "एक विचारू का मॅडम?" त्या म्हणाल्या. "बाबानं ओंजळभर टाकलं. एका जागी, रोज. एवढ्यानं बाटली जास्वंदीसारखी झाली?"

"हो."

"मग हौदापाशी साठ गुरं रोज सकाळी उभी राहतात त्याचं काय होत असंल?"

वैशाली म्हणाली, "ताई, हा पुरावा नव्हे. हा अंदाज आहे."

"असू दे अंदाज," मंदाताई म्हणाल्या. "गुरं वाईट नसतील. एक जागा वाईट असंल. आधी ती जागा बंद करा. मग गुरांचं बघू."

त्यानंतर तासभर वाद झाला. ठरले ते एवढे: हौद फोडायचा, त्या जागेवर पुढच्या पावसात नागली लावायची, आणि सकाळी गुरे पाड्याच्या पलीकडच्या अंगाला, विहिरीच्या खालच्या बाजूला गोळा करायची. दुपारी चार गोठणी, वारांप्रमाणे. वाघदेवाचा पाईप काढून दगडापासून लांब लावायचा, आणि ह्या वेळी बाबांना विचारून. पुढच्या परतीच्या पावसापर्यंत मुदत. पाणी सुधारताना दिसले नाही तर उतार बंद, आणि तेव्हा पुन्हा चर्चा नाही. ही शेवटची अट किरणने घातली आणि धावजीबाबांनी ती सगळ्यांत आधी मान्य केली.

"पाणी एका पावसात सुधारेलच असं नाही," वैशालीने दोनदा सांगितले. ते इतिवृत्तात लिहिले गेले की नाही, मला माहीत नाही.

निघायच्या सकाळी

हौदाच्या वाटेवर किरणने बांबू आडवे बांधले होते. गुरांना ठराव माहीत नव्हता. घराघरातून सुटलेली गुरे सवयीने तिकडेच गेली आणि बांबूंना छाती लावून उभी राहिली. पोरांनी हाकलले, ती दहा पावले हटली आणि परत आली. एक बैल बांबूवर मान टाकून पलीकडच्या आंब्यांकडे पाहत होता. किरणची बायको रिकामा हंडा घेऊन नदीकडे निघाली होती; वाट अडली म्हणून ती कडेला थांबली. तिला त्या दिवशी आणि पुढचे वर्षभर तरी नदीवरच जायचे होते.

गुराखी कळपाच्या मागे चालतो. मागे असला की मागे राहिलेले जनावर दिसते. धावजीबाबा त्या सकाळी मागून हाका मारून थकले, मग गुरांच्या मधून वाट काढत पुढे आले. त्यांनी काठी खांद्यावर आडवी घेतली, बांबूंकडे पाठ केली आणि पलीकडच्या वाटेने चालू लागले. हाक मारली नाही. दुखरा गुडघा उतारावर वाकत नव्हता, म्हणून ते तिरके चालत होते.

आधी एक म्हातारी गाय वळली. तिच्यामागे तिचे वासरू. मग बराच वेळ कोणीच नाही. मंदाताई पुटपुटल्या, "चला ग बायांनो." बांबूवरचा बैल सगळ्यांत शेवटी निघाला.

धावजीबाबांनी मागे वळून पाहिले नाही. मागे कोण येते आहे, हे न पाहता ते वळणापर्यंत गेले. मी बांबूपाशी उभी राहून मोजत होते. सगळी त्रेसष्ट गुरे गेली.